पॉलिमर फ्लडिंगनं जुन्या फील्डमधून खरंच जास्त तेल निघतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात पेट्रोलियम इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एकानं विचारलंय की जमिनीखाली सोडायच्या पाण्यात पॉलिमर मिसळून टाकलं (यालाच पॉलिमर फ्लडिंग म्हणतात) की जुन्या तेलक्षेत्राची, म्हणजे फील्डची, रिकव्हरी (एकूण तेलातलं किती वर निघतं ते) वाढते असं पुस्तकात दिलंय, पण ती नक्की कशामुळे वाढते, बाडमेरच्या मंगला फील्डमधे चाललं तर मुंबई हायमधे का करत नाहीत, आणि प्रोजेक्टला यातलं काय घ्यावं. मी या कामात बरीच वर्षं आहे, आधी गुजरातेत मग राजस्थानात, रिझर्व्हॉयरची (जमिनीखालच्या तेलाच्या खडकाची) बाजूही बघितली आणि प्लांटची पण, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बस.

सगळ्यात आधी एक गैरसमज काढून टाक. पॉलिमर तेलाला काहीही करत नाही. तेल पातळ होत नाही, खडकावरून सुटतही नाही, ती कामं उष्णतेची किंवा सर्फॅक्टंटची (साबणासारख्या रसायनाची). पॉलिमर फक्त पाण्याला जाड करतं. एवढंच. म्हणजे हा सगळा धंदा पाण्याचा आहे, तेलाचा नाही, आणि हे एकदा डोक्यात बसलं की पुढच्या निम्म्या शंका आपोआप सुटतात.

आता पाणी जाड करायची गरज का पडते ते बघ. फील्ड सुरुवातीला स्वतःच्या प्रेशरवर चालतं, मग प्रेशर पडायला लागतं म्हणून आपण इंजेक्टरमधून (पाणी खाली सोडायच्या विहिरीतून) पाणी टाकतो, पाण्यानं तेलाला प्रोड्यूसरकडे (तेल वर काढायच्या विहिरीकडे) ढकलत न्यावं अशी अपेक्षा. पण ६५ डिग्रीला पाण्याची व्हिस्कॉसिटी (जाडपणा) अर्धा सेंटीपॉइजसुद्धा (सीपी) नसते, साधारण ०.४५, आणि तेल समज १५ सीपीचं आहे. पाणी तेलापेक्षा तीसेक पट पातळ. ते कशाला सरळ फळी धरून ढकलत बसेल, जिथे वाट मिळेल तिथून बोटं काढत पुढे पळतं, प्रोड्यूसरला जाऊन पोचतं, आणि एकदा पाण्याची वाट पडली की मागून येणारं सगळं पाणी त्याच वाटेनं जातं कारण तिथे आता पाण्याची रिलेटिव्ह पर्मिएबिलिटी (तेलासोबत असताना पाण्याला वाहायला मिळणारी मोकळीक) वाढलेली असते. आजूबाजूचं तेल तिथल्या तिथे. मग वॉटरकट (वर येणाऱ्या द्रवातला पाण्याचा वाटा) ७०, ८०, ९० टक्के असा चढत जातो आणि आपण एक बॅरल तेलासाठी नऊ बॅरल पाणी वर काढून, साफ करून, परत खाली ढकलत बसतो.

मोबिलिटी रेशोचं, म्हणजे पाणी तेलापेक्षा किती पट सहज वाहतं त्याचं, गणित हातानं एकदा करून बघ, कारण सॉफ्टवेअरमधे ते दिसत नाही. पाण्याची एंड पॉइंट रिलेटिव्ह पर्मिएबिलिटी ०.३ धर, तेलाची ०.९ धर. ०.३ भागिले ०.४५ म्हणजे ०.६७, आणि ०.९ भागिले १५ म्हणजे ०.०६. भागाकार केला की ११ च्या आसपास येतो. एकच्या वर गेला की वाईट, आणि ११ म्हणजे बऱ्यापैकी वाईट. आता पाण्याची व्हिस्कॉसिटी २० सीपी केली तर हाच आकडा ०.२५ होतो. मग लोक विचारतात की एकपर्यंत आणलं की झालं ना, पाच सीपी पुरे की, इतकं जाड कशाला? तर खडक एकसारखा नसतो म्हणून. एक थर एक डार्सीचा (पर्मिएबिलिटीचं, म्हणजे खडकातून द्रव किती सहज जातो त्याचं एकक), त्याला लागून दुसरा पाच डार्सीचा असेल आणि दोघांमधे शेल (द्रव अडवणारा चिखलाचा खडक) नसेल, म्हणजे एकातून दुसऱ्यात फ्लुइड जाऊ शकत असेल, तर पाच डार्सीवाल्यातली धाव आटोक्यात आणायला रेशो एकच्याही खाली, साधारण एक पंचमांश लागतो. म्हणून अंगठ्याचा नियम असा की लागणारी व्हिस्कॉसिटी म्हणजे साध्या पाण्याची व्हिस्कॉसिटी गुणिले मोबिलिटी रेशो गुणिले थरांमधला फरक. ०.४५ गुणिले ११ गुणिले ५, पंचवीसेक सीपी. खूप प्रोजेक्ट याच जागी फसलेत, पॉलिमर महाग म्हणून एकपर्यंत आणलं आणि थांबले, मग रिस्पॉन्स आला नाही की दोष पॉलिमरला.

आणि मर्यादा पण समजून घे. पाण्यानं नीट धुतलेल्या खडकात जे रेसिड्युअल तेल अडकून राहतं ते पॉलिमर हलवत नाही (व्हिस्कोइलॅस्टिक परिणामामुळे तेही थोडं सुटतं असं काही जण मांडतात, त्यावर वाद आहेत, मी प्रोजेक्टचं गणित त्या भरवशावर कधीच करत नाही). जिथे पाणी पोचलंच नाही, किंवा अर्धवट पोचलं, तिथलं तेल पॉलिमरनं मिळतं. शिवाय मिळतं ते लवकर मिळतं, जे साध्या पाण्यानं अजून पंधरा-वीस वर्षं रडतखडत आलं असतं ते पाच-सात वर्षांत. चांगल्या ठिकाणी एकूण तेलाच्या ५ ते १५ टक्के जास्तीचं मिळतं असं धरून चाल. कोणी २५ टक्के म्हणाला तर आधी त्याची बेसलाइन (पॉलिमर नसतं तर किती निघालं असतं तो आकडा) विचार.

इतिहास पटकन सांगतो. १९६४ मधे पाय आणि सँडिफर्ड या दोघांचे वेगवेगळे पेपर आले, तिथून विषय सुरू झाला. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत टॅक्स सवलतीमुळे ढिगानं प्रोजेक्ट झाले, बऱ्याच ठिकाणी अगदी चिमूटभर पॉलिमर टाकलेलं, मग १९८६ ला तेलाचे भाव कोसळले आणि पॉलिमरचं नावच खराब झालं. ते नाव परत चांगलं केलं चीनच्या डाचिंगनं. १९५९ चं फील्ड, १९७६ पासून २००२ पर्यंत सलग २७ वर्षं वर्षाला ५ कोटी टनांच्या वर तेल दिलं, पॉलिमरच्या चाचण्या तिथे १९७२ पासूनच चालू होत्या, १९९६ ला मोठ्या प्रमाणावर सुरू केलं आणि २००२ नंतर वर्षाला १ कोटी टनांच्या वर तेल नुसतं पॉलिमर फ्लडचं. तेल ९ सीपीच्या आसपास, तापमान ४५ डिग्री, पाणी जवळजवळ गोडं. पॉलिमरसाठी याहून सोयीची जागा सापडायची नाही. पण कौतुक जागेचं नाही, त्यांनी कधीच कंजुषी केली नाही याचं आहे, उलट दर टप्प्याला स्लग (टाकायच्या पॉलिमरच्या पाण्याचा एकूण घोट) मोठा आणि कॉन्सन्ट्रेशन जास्त करत गेले.

आपल्याकडे लोकांना मंगला माहीत असतं पण त्याच्या कितीतरी आधी ओएनजीसीनं अहमदाबादजवळच्या साणंदला १९८५ मधे पॉलिमरचा पायलट (छोटी चाचणी) केला आणि नव्वदच्या दशकात तो व्यापारी पातळीवर नेला. याबद्दल फार कोणी बोलत नाही. लहान फील्ड, पण काम व्यवस्थित झालेलं.

मंगला २००४ मधे सापडलं, २९ ऑगस्ट २००९ ला उत्पादन सुरू झालं. फतेहगढ सँड (तेल धरणारा वाळूचा खडक), पर्मिएबिलिटी काही ठिकाणी दहा-वीस डार्सीपर्यंत, तापमान ६५ डिग्रीच्या आतबाहेर, तेल १० ते २० सीपीच्या दरम्यान आणि प्रचंड वॅक्सी. इतकं वॅक्सी की ज्या तापमानाला वॅक्स सुटायला लागतं ते रिझर्व्हॉयरच्या तापमानाच्या अगदी जवळ आहे, म्हणून सुरुवातीपासून इंजेक्शनचं पाणी गरम करून टाकायची तरतूद केली, नाहीतर गार पाण्यानं विहिरीभोवतीच वॅक्स धरलं असतं. बाडमेरपासून गुजरातच्या किनाऱ्यापर्यंतची पाइपलाइनसुद्धा म्हणूनच सगळीकडून गरम ठेवावी लागते. असो, तो वेगळा विषय.

पॉलिमरच्या दृष्टीनं मंगलाची खरी गंमत ही की तिथे पॉलिमर हा फील्ड म्हातारं झाल्यावर आठवलेला उपाय नव्हता. एवढी पर्मिएबिलिटी आणि असं तेल म्हणजे पाणी पळणारच, हे सुरुवातीलाच माहीत होतं, त्यामुळे उत्पादन सुरू झाल्यावर दोनेक वर्षांतच जवळजवळच्या विहिरींचा पायलट केला, आणि २०१४ च्या उत्तरार्धात पूर्ण फील्डवर इंजेक्शन सुरू केलं. ते वाढवत दिवसाला ४ लाख बॅरलच्या घरात नेलं. जगातल्या मोठ्या पॉलिमर फ्लडमधे त्याची गणना होते ती या आकारामुळे.

आता तुझ्या पुस्तकात जे नसतं तिकडे येतो, म्हणजे प्लांट. माझं ठाम मत आहे की पॉलिमर फ्लड सिम्युलेटरमधे जिंकत नाही आणि हरतही नाही, जे व्हायचं ते पावडरच्या हॉपरपासून परफोरेशनपर्यंतच्या (विहिरीच्या पाइपला खडकाजवळ पाडलेल्या भोकांपर्यंतच्या) वाटेत होतं. लॅबमधे २५ सीपी होतं हे मला सांगू नकोस, सँडमधे किती पोचलं ते सांग.

वापरतात ते एचपीएएम, म्हणजे थोडंसं हायड्रोलाइझ झालेलं पॉलिअॅक्रिलामाइड. मॉलिक्युलर वेट दीड-दोन कोटी डाल्टन. एवढी लांब साखळी पाण्यात पसरते म्हणून २००० पीपीएममधे, म्हणजे लिटरला फक्त दोन ग्रॅममधे, पाणी एवढं जाड होतं. आणि साखळी लांब म्हणूनच ती तुटते पण पटकन. पूर्ण प्लांट या एका गोष्टीभोवती फिरतो, की साखळी तुटू द्यायची नाही.

पावडर मोठ्या बॅगांमधून येते, साडेसातशे किलोच्या आसपास. पाण्यात एकदम ओतली तर पिठल्यात बेसन घाईनं टाकल्यावर होतात तशा गुठळ्या होतात, वरून चिकट, आत कोरडी पावडर. फिश आय म्हणतात त्याला. त्या गुठळ्या विहिरीपर्यंत गेल्या तर परफोरेशनच्या तोंडाशी बसतात आणि इंजेक्शन प्रेशर चढायला लागतं. म्हणून पावडर आधी पाण्याच्या पडद्यातून किंवा कापणाऱ्या युनिटमधून ओली करतात, मग मॅच्युरेशन टँकमधे तासभर हळूहळू ढवळत ठेवतात. तिथे १०,००० पीपीएम किंवा त्याहून जाड मदर सोल्युशन तयार होतं, आणि विहिरीकडे पाठवताना पाण्यानं पातळ करून २०००–२५०० वर आणतात. फिल्टर रेशोची टेस्ट रोज करायची, ठरावीक प्रेशरला फिल्टरमधून सोल्युशन गाळून शेवटच्या वेळेला सुरुवातीच्या वेळेनं भागायचं, दीडच्या वर गेलं तर काहीतरी बिघडलंय. मेहसाणा बाजूला पावसाळ्यात बॅगेचं तोंड उघडं राहिलं तरी पावडर दमट होऊन हॉपरमधे पूल धरते, आणि ऑपरेटर बिचारा दांड्यानं ठोकत बसतो.

सेफ्टीचं एक सांगून ठेवतो कारण ट्रेनी पोरं यातच पडतात, शब्दशः पडतात. सांडलेल्या पावडरवर पाणी मारायचं नाही. आधी कोरडी झाडून काढायची. पाणी लागलं की फरशी अशी गुळगुळीत होते की बूट काय आणि ग्रिप काय, आणि मग जितकं धुवाल तितकं पसरतं.

साखळी तुटायचे तीन मोठे मार्ग आहेत. पहिला मेकॅनिकल. चोक (प्रवाह आवळणारी अरुंद तोटी), अर्धवट उघडलेला व्हॉल्व्ह, सेंट्रिफ्युगल पंप, जिथे जिथे सोल्युशन अरुंद जागेतून वेगानं जातं तिथे साखळ्या ताणून तुटतात. पाण्याच्या इंजेक्शनला तुम्ही प्रत्येक विहिरीचा रेट चोकनं जमवता, पॉलिमरला तसं केलं तर संपलं. एकतर प्रत्येक विहिरीला वेगळा पंप द्यायचा, नाहीतर लांब कॉइलसारखे लो शिअर रेग्युलेटर बसवायचे. जुन्या पाणी इंजेक्शनच्या लाइनवरच पॉलिमर चालवू, खर्च वाचेल, हा विचार प्रत्येक बजेट मीटिंगला कोणीतरी मांडतंच.

दुसरा मार्ग ऑक्सिजन आणि लोह. नुसत्या लोहानं फार बिघडत नाही, नुसत्या थोड्या ऑक्सिजननंही लगेच नाही, पण फेरस लोह आणि ऑक्सिजन एकत्र आले की फ्री रॅडिकल तयार होतात आणि साखळीचे तुकडे. जमिनीखालून काढलेल्या पाण्यात फेरस लोह असतंच, त्यामुळे टँकवर नायट्रोजनचं ब्लँकेट लागतं आणि ऑक्सिजन काही दहा पीपीबीच्या आत ठेवावा लागतो. नायट्रोजनचं प्रेशर रात्री पडलं आणि कोणी टँकचा हॅच उघडून बघितलं, की सकाळी व्हिस्कॉसिटी गेलेली.

तिसरा तापमान आणि कॅल्शियम. ७० डिग्रीच्या आत एचपीएएम वर्षानुवर्षं टिकतं. त्याच्या वर गेलं की अमाइडचे गट भराभर अॅक्रिलेटमधे बदलतात, आणि पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम असेल तर ते त्यांना धरून पॉलिमर साका होऊन खाली बसतं. एटीबीएस (उष्णता आणि क्षार सोसणारा घटक) घातलेली नवी पॉलिमर त्याच्या बरंच वर टिकतात, पण भावही तसाच.

आता सँपलिंग. ही गोष्ट तुला कोणी शिकवणार नाही आणि सगळे आकडे यावरच उभे असतात. वेलहेडवर लाइनमधे शंभरेक बार प्रेशर. माणूस बाटली घेऊन जातो, नीडल व्हॉल्व्ह जरासा उघडतो, फस्सकन फेस येतो, बाटली भरते, लॅबला देतो. लॅबवाला ब्रूकफिल्डवर (व्हिस्कॉसिटी मोजायच्या यंत्रावर) ७.३४ प्रति सेकंद शिअर रेटला लावतो आणि १२ सीपी येतं. प्लांटमधून २५ निघालेलं. मग बोंबाबोंब की लाइनमधे पॉलिमर मेलं. लाइनमधे काही झालेलं नसतं, मेलं ते त्या नीडल व्हॉल्व्हमधे. बरोबर पद्धत अशी की दोन्ही बाजूंना व्हॉल्व्ह असलेला सिलिंडर जोडायचा, आतला व्हॉल्व्ह पूर्ण उघडायचा, आणि बाहेरचा अगदी थोडा उघडून सोल्युशन वाहू द्यायचं. प्रेशरचा सगळा ड्रॉप सिलिंडरच्या पुढे पडतो, तिथे तुटेल ते तुटू दे, आपल्याला आतलं हवंय. हवा निघून नवीन सोल्युशननं सिलिंडर चार-पाच वेळा भरून गेला की आधी बाहेरचा बंद, मग आतला बंद. मग प्रेशर हळूच सोडायचं. एका साइटवर, नाव नको, महिनोनमहिने बाटलीवाल्या सँपलवरून कॉन्सन्ट्रेशन वाढवत राहिले होते, म्हणजे खराब मोजणीपायी रोज काही टन पॉलिमर जास्त.

विहिरीत गेल्यावरची चिंता म्हणजे इंजेक्टिव्हिटी. जाड पाणी टाकायचं म्हणजे प्रेशर जास्त, रेट कमी. रेट कमी म्हणजे तेल कमी. एचपीएएम वेगात असताना शिअरनं पातळ होतं, ते आपल्या सोयीचं, पण विहिरीच्या अगदी जवळ वेग खूप असला की उलटं होतं, साखळ्या ताणल्या जाऊन सोल्युशन जास्तच जाड वागतं. त्यामुळे प्रत्यक्षात बऱ्याच विहिरींमधे थोडं फ्रॅक्चर उघडलेलंच असतं, कागदावर काहीही लिहिलेलं असो. ते छोटं असेल, आपल्याच सँडमधे राहत असेल तर बिघडत नाही, फायदाच होतो, कारण खडकाशी संपर्क वाढतो आणि साखळ्या कमी तुटतात. ते वरच्या शेलमधून बाहेर गेलं किंवा थेट प्रोड्यूसरच्या दिशेनं लांबलं तर मात्र पॉलिमर फुकट. म्हणून आधी स्टेप रेट टेस्ट (रेट टप्प्याटप्प्यानं वाढवून फ्रॅक्चर कुठल्या प्रेशरला उघडतं ते बघणं), आणि मग रोज हॉल प्लॉट (इंजेक्शनचं प्रेशर आणि एकूण टाकलेलं पाणी यांचा आलेख) बघायची सवय.

खडक पण आपला वाटा घेतो. पॉलिमर दाण्यांवर चिकटून राहतं, ग्रॅम खडकामागे दहा-वीस मायक्रोग्रॅम असेल तर चालतं, पन्नासच्या वर जायला लागलं तर फ्लडची पुढची फळी उशिरा पोचते आणि गणित बिघडतं. कमी पर्मिएबिलिटीच्या, चिकणमाती जास्त असलेल्या सँडमधे हे हमखास. लॅबमधे कोर आधी तेलानं नीट मुरवून मग टेस्ट करा, कोरड्या धुतलेल्या कोरवर आलेला अॅड्सॉर्प्शनचा आकडा नेहमी फुगलेला येतो.

प्रोड्यूसरच्या बाजूची दुखणी लोक विसरतात कारण ती दोन-तीन वर्षांनी येतात, तोपर्यंत प्रोजेक्ट मॅनेजर बदललेला असतो. पॉलिमर पाण्याबरोबर वर यायला लागलं की इमल्शन (एकमेकांत मिसळलेलं तेल-पाणी) घट्ट होतं, सेपरेटरला वेळ जास्त लागतो. हीटरच्या गरम ट्यूबवर पॉलिमर आणि कॅल्शियमचा थर भाजून बसतो, उष्णता जात नाही, ट्यूब जळते. पाणी साफ करायला जी केमिकल आधी चालत होती त्यातली बरीचशी कॅटायनिक (धन भाराची) असतात, एचपीएएम अॅनायनिक (ऋण भाराचं), दोघं भेटली की च्युइंगमसारखा गोळा. म्हणजे पॉलिमर यायच्या आधीच सगळं केमिकल प्रोग्रॅम बदलून ठेवावं लागतं. एकच बरं, की ते पाणी परत इंजेक्ट करता येतं आणि त्यातलं उरलंसुरलं पॉलिमर थोडं काम करतंच.

पैशाचं गणित तुझ्या प्रोजेक्टमधे असायलाच हवं. एक बॅरल १५९ लिटर, २००० पीपीएमला ०.३२ किलो पॉलिमर. दिवसाला एक लाख बॅरल इंजेक्ट करायचे तर रोज ३२ टन, आणि मंगलाच्या आकाराला ४ लाख धरलं तर रोज सव्वाशे टनांच्या वर. फक्त ही पावडर वेळेवर आणणं, साठवणं, बॅगा रिकाम्या करणं हाच एक कारखाना आहे. आता फायदा बघ. पोअर व्हॉल्यूमच्या (खडकातल्या एकूण पोकळीच्या) निम्मा स्लग टाकला आणि सुरुवातीच्या तेलाच्या ८ टक्के जास्तीचं मिळालं, सुरुवातीचं ऑइल सॅच्युरेशन (पोकळीतला तेलाचा वाटा) ७५ टक्के, तर एक बॅरल पोअर व्हॉल्यूममागे ०.०६ बॅरल तेल आणि ०.१६ किलो पॉलिमर, म्हणजे जास्तीच्या प्रत्येक बॅरलला साधारण २.६५ किलो. पॉलिमर किलोला अडीच-तीन डॉलर धरलं तर बॅरलमागे सात-आठ डॉलर. प्लांट, विहिरी आणि ट्रीटमेंट वेगळी. तेल ६०-७० डॉलर असताना हे सहज परवडतं, पण खर्च आज आणि तेल दोन वर्षांनी, त्यामुळे भाव पडला की मॅनेजमेंटचा हात सगळ्यात आधी पॉलिमरच्या बिलावर जातो. स्लग मधेच तोडला आणि मागून साधं पाणी सोडलं तर ते पाणी पॉलिमरच्या स्लगमधून बोटं काढत पुढे जातं, आणि आधीचा खर्चही बराचसा वाया.

यावरूनच 'मॅच्युअर' फील्डचा मुद्दा येतो. जुन्या फील्डमधे पॉलिमर चालतं, पण किती जुन्या? वॉटरकट ९५ च्या पुढे गेलेल्या ठिकाणी पाण्याच्या वाटा इतक्या पक्क्या असतात की स्लगचा बराचसा भाग त्या वाटांचं पाणी बदलण्यात जातो आणि रिस्पॉन्सला उशीर होतो. तेल मिळत नाही असं नाही, पण तोपर्यंत विहिरींची केसिंग म्हातारी झालेली, सिमेंट गेलेलं, निम्म्या विहिरी बंद. माझ्या मते पॉलिमरची चर्चा वॉटर इंजेक्शनच्या डिझाइनबरोबरच व्हायला पाहिजे, सगळं करून थकल्यावर नाही. ओमानच्या मर्मुलला तेल ९० सीपीचं, पायलट ऐंशीच्या दशकात यशस्वी झाला आणि मोठ्या प्रमाणावर सुरू व्हायला २०१० उजाडलं. मधली वर्षं पाण्यात गेली.

आता मुंबई हाय. १९७४ ला सापडलं, १९७६ ला उत्पादन, १९८४ पासून पाण्याचं इंजेक्शन, म्हणजे म्हातारं आहेच, मग पॉलिमर का नाही? कारण त्याचं दुखणं वेगळं आहे. मुख्य एल-थ्री रिझर्व्हॉयर चुनखडीचं, थरावर थर, तापमान शंभर डिग्रीच्या वर. इंजेक्शनला समुद्राचं पाणी, त्यात ३५,००० पीपीएम क्षार, कॅल्शियम ४०० आणि मॅग्नेशियम १३०० च्या आसपास. साधं एचपीएएम तिथे काही महिन्यांत साका होईल. पण हे सगळं सोडवलं असं धरलं तरी मूळ प्रश्न उरतो, की तिथलं तेल हलकं आणि पातळ आहे. तेल आणि पाण्याच्या व्हिस्कॉसिटीत फारसा फरकच नाही तर मोबिलिटी रेशो आधीच बरा आहे, मग पाणी जाड करून सुधारायचं काय? तिथे तेल राहून जातं ते थरांच्या गुंतागुंतीमुळे, गॅस कॅपमुळे, घट्ट खडकामुळे. त्यासाठी इनफिल विहिरी (जुन्यांच्या मधे नव्या), साइडट्रॅक (जुन्या विहिरीतून फोडलेली नवी वाट), आणि जिथे एखादा थर सगळं पाणी गिळतोय तिथे तो जेलनं बुजवणं, असली कामं जास्त उपयोगाची. समुद्रात पॉलिमर होतच नाही असं मात्र लिहू नकोस. ब्रिटनच्या नॉर्थ सीमधल्या कॅप्टन फील्डला प्लॅटफॉर्मवरून करतात, पण ते वाळूचं रिझर्व्हॉयर, तापमान ३० डिग्रीच्या आसपास, आणि तेल शंभर सीपीच्या घरातलं. प्लॅटफॉर्मवर पावडर आणि मोठ्या टँकांना जागा नसते म्हणून इमल्शनच्या रूपातलं पॉलिमर वापरतात, त्यात निम्मं वजन तेल-पाण्याचं वाहून न्यायचं.

प्रोजेक्टला काय घ्यावं? पूर्ण फील्डचं सिम्युलेशन घेऊ नकोस, डेटा मिळणार नाही आणि मिळाला तरी चार महिने हिस्टरी मॅचमधे (मॉडेल जुन्या उत्पादनाच्या आकड्यांशी जुळवण्यात) जातील. त्यापेक्षा बकली-लेव्हरेटचं फ्रॅक्शनल फ्लो (पाणी तेलाला कसं ढकलतं त्याचं साधं एकरेषीय गणित) एक्सेलमधे मांड, तीन केस कर, साधं पाणी, १० सीपी आणि २५ सीपी, आणि त्यावर वर सांगितलं तसं दोन थरांचं साधं मॉडेल चढव. मग प्लांटमधून निघालेली व्हिस्कॉसिटी वाटेत ३०, ५० टक्के कमी झाली तर जास्तीचं तेल किती घटतं आणि बॅरलमागे पॉलिमरचा खर्च किती चढतो ते काढ, हे करणारे फार कमी असतात. लॅबमधे ब्रूकफिल्ड आणि साधा ब्लेंडर असेल तर एक प्रयोग पण होईल, एकच सोल्युशन ब्लेंडरमधे पाच, दहा, तीस सेकंद फिरवून व्हिस्कॉसिटी मोज, नळाच्या पाण्यात आणि मिठाच्या पाण्यात दोन्हीकडे. पावडर रात्रभर हळू ढवळून मुरू दे, घाई केलीस तर गुठळ्यांचेच आकडे येतील. आणि पेपरमधून आकडे उचलशील तेव्हा तापमान, तेलाची व्हिस्कॉसिटी आणि पाण्याचं अॅनालिसिस तिन्ही एकाच फील्डचं घे, डाचिंगचं पाणी आणि मंगलाचं तेल अशी खिचडी केलीस तर व्हायवाला पहिला प्रश्न तिथेच येईल.